२७.१ अंशांवरचं शिखर

मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनांचा बीम (झोत) सोडून, ते कुठल्या कोनाला किती विखुरतात याचा आलेख काढायचा होता. त्याची पाचेक ग्रॅम पूड व्हॅनेडियमच्या नळीत भरली. व्हॅनेडियम अशासाठी, की त्याची स्वतःची शिखरं आलेखात जवळजवळ उमटत नाहीत. आत हेलियम सोडून तोंड इंडियमच्या तारेने बंद केलं. हेलियम नसेल तर पूड वेळेत थंड होत नाही. हवा राहिली तर ती गोठून तिचीच शिखरं दिसू लागतात.

या पदार्थात शेजारच्या थरांतले चुंबकीय आघूर्ण (अणूंच्या चुंबकत्वाची ताकद आणि दिशा) एकमेकांविरुद्ध उभे राहतात. बेरीज शून्य, म्हणून बाहेरून चुंबकत्व दिसत नाही. न्यूट्रॉनला मात्र दिसतं, कारण तो स्वतःच छोटासा चुंबक आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत शल आणि स्मार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४९ साली याच पदार्थात ही उलटसुलट रचना न्यूट्रॉनांनी दाखवली.

न्यूट्रॉनांची तरंगलांबी २.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). थंड करण्याआधी ३०० केल्विनला एक रन (मोजणी) घेतला आणि २७.१ अंशांवर टोकदार शिखर आलं. जागा अगदी चुंबकीय शिखराचीच: स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या घनाची बाजू ४.४४ अँगस्ट्रॉम, चुंबकीय घनाची बाजू तिच्या दुप्पट, त्याच्या (१११) प्रतलांतलं, म्हणजे घनाच्या कर्णाला काटकोनात असलेल्या थरांतलं, अंतर ५.१३. पण ही चुंबकीय रचना ११८ केल्विनच्या वर टिकतच नाही!

दोष बीममध्ये होता. ग्रॅफाइटचा मोनोक्रोमेटर (ठरावीक तरंगलांबी निवडणारा स्फटिक) २.४ सोबत निम्म्या तरंगलांबीचे, म्हणजे १.२ अँगस्ट्रॉमचे न्यूट्रॉनही पाठवतो. साध्या घनाच्या (१११) प्रतलांवरून, २.५६ अँगस्ट्रॉमवरून, ते बरोबर २७.१ अंशांवरच येतात. त्यात मँगनीजची प्रकीर्णन लांबी (अणुकेंद्र न्यूट्रॉनला किती विखुरतं त्याचं माप) ऋण, ऑक्सिजनची धन. (१११) सारख्या विषम अंकांच्या शिखरांत विरुद्ध चिन्हांमुळे त्यांचे परिणाम एकमेकांत भर घालतात, म्हणून हे शिखर मुळातच जोरदार. थोडीशी भेसळही पुरते. बीमच्या वाटेत पाहिलं, तर निम्म्या तरंगलांबीचे न्यूट्रॉन अडवणारा पाच सेंटीमीटरचा ग्रॅफाइट फिल्टर आधीच्या प्रयोगानंतर परत बसवलाच नव्हता.

फिल्टर लावून पुन्हा रन घेतला. टोक गेलं, पण त्याच जागेभोवती रुंद, बुटका उंचवटा उरला. रिकाम्या नळीचा रन वजा केला, तरी तो तसाच. मग खात्री पटली: लांबवरची शिस्त मोडली असली तरी जवळचे शेजारी अजून एकमेकांविरुद्धच उभे आहेत. दिवसभरातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. खोट्या शिखराखाली ती झाकली गेली होती.

मग थंड करत गेलो. १२५ केल्विनला उंचवटा अरुंद झाला होता. ११५ ला त्यातून टोक वर आलं. २० केल्विनला त्याने साध्या घनाच्या (१११) शिखरालाही मागे टाकलं.