तिसरा महिना सरेपर्यंत

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बाईला दिवस गेले तरी तिसरा महिना सरेपर्यंत त्याची वाच्यता करत नाहीत. दृष्ट लागते, असे जाणत्या बायका सांगतात. वैद्यकशास्त्र दृष्ट मानत नाही, पण त्याचा हिशेबही याच मुदतीपाशी येतो: निश्चित झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते १५ टक्के आपोआप संपतात आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच. उपचार घेऊन ज्यांना दिवस जातात त्यांच्या बाबतीत मात्र ही न सांगण्याची मुदत फार आधीपासून सुरू झालेली असते. आम्ही उपचारच लपवून घेतले होते, त्यामुळे पुढचे तीन महिने हा त्याच गुपिताचा वाढीव हप्ता ठरला. त्या गुपिताची किंमत काय पडली, हे लिहून ठेवावेसे वाटले.

माझे यजमान बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत भट्टीवर काम करतात. लग्नाला काही वर्षे उलटल्यावर तपासण्या सुरू झाल्या आणि त्या सगळ्या माझ्याच झाल्या: थायरॉईड, अंड्यांचा साठा दाखवणारी एएमएच ही रक्ततपासणी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी औषध सोडून काढलेला एक्स-रे. ज्या पहिल्या दवाखान्यात आम्ही जात होतो तेथे यजमान बाहेरच्या बाकावर बसत आणि मला दर महिन्याला अंडे तयार होण्याच्या गोळ्या लिहून दिल्या जात. वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो आणि वीर्यतपासणी ही या सगळ्यातली स्वस्त आणि बिनदुखीची तपासणी आहे. तरीही ती सर्वांत शेवटी आठवते, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझी फाइल उघडण्याआधीच यजमानांना विचारले, “तुम्ही काम काय करता?” भट्टी म्हटल्यावर पुढचे सगळे प्रश्न त्यांनाच गेले. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानाहून दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते, आणि वितळलेल्या लोखंडासमोर सबंध पाळी उभे राहणाऱ्या माणसाला ते मिळणे कठीण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत एका मिलिलिटर वीर्यामागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली आहे. आमचा आकडा तिच्यापासून बराच खाली होता. उष्णता हेच एकमेव कारण आहे, असे बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी भट्टीपासून दूर बदली मागायला आणि तंबाखू सोडायला सांगितले, आणि तीन महिन्यांनी पुन्हा नमुना द्यायला सांगितला, कारण शुक्राणू तयार व्हायला ७० दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो. बदली मागायची तर सुपरवायझरला कारण द्यावे लागणार होते. यजमानांनी कंबरेचे दुखणे पुढे केले. संख्या थोडी सुधारली, पण तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते, आणि आम्ही इक्सी या टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारपद्धतीकडे वळलो. तीत प्रत्येक अंड्यात एकच निवडलेला शुक्राणू बारीक सुईने सोडतात.

खर्च औषधांसह दीड लाखाच्या पुढे जाणार होता. मी खानापुरात एका पतसंस्थेत नोकरीला आहे, त्यामुळे सोनेतारण कर्ज मला उभ्या उभ्या मिळाले असते. पण त्या अर्जावर कर्जाचे कारण लिहायचा रकाना असतो आणि तो अर्ज माझ्या शेजारच्या टेबलावरूनच पुढे जातो, म्हणून पाटल्या घेऊन आम्ही बेळगावच्या दुसऱ्या संस्थेत गेलो आणि व्याज जास्त मोजले. स्कॅनसाठी सकाळी सकाळी बेळगाव गाठणे हा दुसरा प्रश्न होता. जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसमध्ये शून्याचे तिकीट मिळते. पैसे वाचले खरे, पण त्यामुळे बसमध्ये गावच्या बायकाही वाढल्या आहेत, आणि “सारखं सारखं बेळगावला काय गं?” या प्रश्नावर मी दातांचे उपचार हे उत्तर तयार ठेवले होते. काही जणी अजूनही माझ्या दातांची चौकशी करतात.

अंडी वाढवणारी संप्रेरकांची इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. घरात फ्रिज एकच, तोही सासूबाईंच्या नजरेसमोर. कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ती घालून, वर कोथिंबिरीची जुडी टाकून, मी डबा खालच्या कप्प्यात सरकवला होता. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा-बारा दिवस ही इंजेक्शने रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात, आणि घरातले कार्यक्रम त्या वेळेची पर्वा करत नाहीत. चुलत दिरांच्या हळदीच्या संध्याकाळी मांडवात ताशा वाजत होता आणि मी धान्याच्या खोलीत कडी लावून, हळदीचे हात दोनदा धुऊन, बेंबीपासून दोन बोटे बाजूला कातडी चिमटीत धरून सुई टोचली. हात धुऊनही स्पिरिटच्या बोळ्यावर पिवळा डाग उमटलाच. बाहेर आले तेव्हा एका मावशींनी “पुढच्या वर्षी तुझाही पाळणा हलू दे” म्हणून माझ्या कपाळाला कुंकू लावले. मी वाकून नमस्कार केला.

पुढचे टप्पे भराभर झाले. अंडी काढण्याच्या ३४ ते ३६ तास आधी घ्यायचे शेवटचे इंजेक्शन अलार्म लावून घेतले, अंडी काढली, त्यांतली काही फलित होऊन पाचव्या दिवसापर्यंत टिकली आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठवली गेली. संमतिपत्रे इंग्रजी आणि कन्नडमध्ये होती. तिथल्या सिस्टरनी एकेक पान मराठीत समजावले. २०२१ च्या कायद्यानुसार पत्नीचे वय २१ ते ५० आणि पतीचे २१ ते ५५ असावे लागते, भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षे ठेवता येतात, आणि आपल्यापैकी एकाचे बरेवाईट झाले तर त्यांचे काय करायचे हेही आधीच लिहून द्यावे लागते. त्या पानावर सही करताना यजमानांनी बराच वेळ पेन उघडून ठेवले होते.

लपवाछपवी या उपचारांना जन्मापासूनच चिकटलेली आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, पण सरकारी समितीने त्यांचे काम खरे मानले नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ती मुलगी स्वतः लोकांसमोर आली ती पंचवीस वर्षांची झाल्यावर. दरम्यान १९८६ मध्ये मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलेल्या बाळाची पहिले म्हणून नोंद झाली आणि लोक या विषयावर निदान बोलू तरी लागले. आमच्या गल्लीपर्यंत ते बोलणे अजून पोहोचायचे आहे.

गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतरचे दिवस पुस्तकात वाचून कळणारे नाहीत. एरवी पाळी चुकली की बाईला काहीतरी समजते. या उपचारात गर्भाला आधार देणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चालू असते, त्यामुळे पाळी लांबू शकते, छाती दुखते, पोट फुगते, दुपारी झोप येते. ही सगळी दिवस गेल्याची लक्षणे आहेत आणि तीच औषधाचीही आहेत. शरीराला विचारून काही उपयोग नव्हता, रक्त तपासल्याशिवाय उत्तर नव्हते. आडवे पडून राहावे का, असे मी विचारले तर बाई म्हणाल्या, की त्याने भ्रूण जास्त चांगला रुजतो असे आढळलेले नाही, रोजची कामे करा, फक्त जड उचलू नका. पाण्याच्या घागरी तेवढ्या थांबवल्या आणि त्यासाठीही एक नवे खोटे शोधले.

बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस गेले का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तो जूनमध्ये, पाऊस लागला तेव्हा. बाईंनी लगेच अभिनंदन केले नाही. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तो दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट होतो का, हे पाहायचे असते, म्हणून पुन्हा रक्त दिले. दुसरा आकडा वाढलेला आला तरी भ्रूण गर्भाशयातच आहे ना, की नलिकेत सरकला आहे, हे सोनोग्राफीपर्यंत कळत नाही. गर्भाशयात ठेवलेला भ्रूणही क्वचित नलिकेत जाऊन रुजतो, हे ऐकून यजमान चकित झाले. आठवड्यांचे गणित तर आणखी वेगळे. पाच दिवसांचा भ्रूण सोडला की त्याच दिवशी गर्भावस्था दोन आठवडे पाच दिवसांची धरतात, म्हणजे अजून काही घडलेले नसताना आपण तिसऱ्या आठवड्यात असतो. सहा आठवड्यांच्या पुढे सोनोग्राफीत गर्भपिशवीत एक दाणा आणि त्यात लुकलुकणारा ठिपका दिसला. बाईंनी तेव्हा कुठे पेढे मागितले, आणि आम्ही ते गावात न नेता बेळगावातच वाटून आलो.

जुलैत एका रात्री रक्त दिसले. बाहेर धो धो पाऊस होता, मलप्रभा फुगली होती आणि आमच्या वाटेवरच्या ओढ्याच्या पुलावरून मोटारसायकल नेणे शक्य नव्हते. गाडी थोरल्या दिरांकडे होती, म्हणजे त्यांना उठवायचे तर सांगावे लागणार होते. यजमान दारात उभे राहिले, आणि पाच मिनिटे तरी आम्ही दोघे काय कारण सांगावे याचाच विचार करत होतो. त्या पाच मिनिटांची मला आता चीड येते. शेवटी त्यांनी भावाला उठवून सरळ सांगितले. जाऊबाईंनी एकही प्रश्न न विचारता टॉवेल, जुनी लुगडी, पाण्याची बाटली आणि माझी फाइल एका पिशवीत भरली, सासूबाईंना “हिच्या पोटात दुखतंय, दाखवून आणतो” म्हणाल्या आणि गाडीत मागे माझ्याशेजारी बसल्या. वाटेत त्यांनी एवढेच विचारले, “गोळ्या कुठल्या चालू आहेत? तिथं विचारतील.”

सोनोग्राफीत ठोके चालू होते. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एका गर्भवतीला थोडेफार रक्त दिसते आणि त्यांतल्या अनेकींचे पुढे नीट होते, ही गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा कळली. ती आधी माहीत नसण्याचे कारणही तेच, आपापसात कुणी बोलत नाही. तीन महिने न सांगण्याच्या पद्धतीविषयी माझे मत तेव्हापासून बदलले आहे. गावाला सांगू नये, हे ठीक आहे. वाईट झाले तर दहा जणींना दहा वेळा तेच सांगत बसण्याचे बळ कुणात नसते. पण ज्यांनी त्या प्रसंगी आपल्याजवळ असावे असे वाटते, त्या दोन-तीन माणसांना रिपोर्टच्या दिवशीच सांगून ठेवावे. नाहीतर रक्त दिसलेल्या रात्री आधी बातमी सांगावी लागते आणि मग मदत मागावी लागते.

सासूबाईंना आठवड्याभरात आम्ही स्वतःच सांगितले. त्या आनंदल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून रुसल्या. “सुनेला दातांचं दुखणं म्हणून मी मऊ भात करून घालत होते,” हे त्यांनी मला ऐकवले आणि ते खरे होते. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचा त्यांचा बेत होता. त्या गर्दीत सातव्या महिन्यात जाणे नको, बाळंत झाल्यावर जाऊ, यावर त्या दोन दिवसांनी राजी झाल्या. आशाताईंनी तायी कार्डासाठी, म्हणजे गर्भवतीच्या सरकारी कार्डासाठी, नाव नोंदवायला घरी येणे आणि गल्लीला बातमी कळणे या दोन गोष्टी एकाच दुपारी झाल्या.

११ ते १४ आठवड्यांदरम्यानची एनटी सोनोग्राफी, म्हणजे गर्भाच्या मानेमागची जाडी मोजणारी तपासणी, ऑगस्टमध्ये झाली आणि नीट झाली. गर्भलिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे तिथे गर्भवतीला फॉर्म भरून सही करावी लागते. त्या सहीला मला वेळ लागला नाही. पुढची मोठी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांची आहे.

मध्यंतरी यजमानांनी फौंड्रीत भट्टीवरच्या एका जुन्या सोबत्याला कंबरेचे खरे कारण सांगितले. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी पाळी सुटल्यावर सायकल स्टँडवर त्याने विचारले, लॅब कुठली, पैसे किती, आणि तिथेच बसून नमुना द्यावा लागतो का. यजमानांनी सांगितले, की आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, घरून दिला तरी चालतो, पण डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून तासाभरात पोहोचली पाहिजे. त्याचे घर उद्यमबागेच्या मागेच आहे.