जिथं हात सुटला तिथंच

बँकॉकहून येऊन पंधरा दिवस झाले. कासारवडवलीतल्या आमच्या सोसायटीत जो भेटतो तो विचारतो, "कशी झाली ट्रिप?" मी "छान झाली" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. पण जे झालं ते मला नीट लिहून ठेवायचं आहे. माझी आई बँकॉकमध्ये एक तास वीस मिनिटं हरवली होती.

आई ७२ वर्षांची. चेंदणी कोळीवाड्यात जन्मली, लग्न होऊन चार घरं पलीकडे गेली. लहानपणी आजोबांबरोबर होडीतून ठाण्याच्या खाडीत जायची, पुढे कितीतरी वर्षं मासळीची पाटी घेऊन बाजारात बसली. खाडीचं पाणी खराब होत गेलं तशी मासळी हटली आणि घरची होडीही गेली. विमानात ती पहिल्यांदाच बसत होती. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, हिंदी कामापुरतं.

पहिल्या दोन दिवसांतल्या गमती थोडक्यात सांगते. राजवाड्याबाहेर एका गोड बोलणाऱ्या माणसाने "आज बंद आहे" म्हणून आम्हाला टुकटुकमध्ये बसवलं आणि थेट रत्नांच्या दुकानात नेऊन उभं केलं. राजवाडा उघडाच होता. असं तिथे सर्रास करतात. कुणी जाणार असाल तर दारापर्यंत चालत जाऊन स्वतः बघा. लुम्फिनी बागेत तळ्याच्या काठावर माणसाएवढी लांब घोरपड निघाली. धाकटा "मगर, मगर" म्हणून किंचाळला, आईने मात्र बसल्या जागेवरून ओळखली. त्या बागेचं नाव बुद्धाच्या लुंबिनीवरून ठेवलेलं आहे हे कळल्यावर ती गप्प झाली आणि तळ्याकडे बघून तिने हात जोडले.

एका गोष्टीवर मात्र रोज वाद व्हायचा. तिचं घड्याळ. बँकॉकची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. आई काटे हलवू देईना. "माझ्या गोळ्या घरच्या वेळेवर हायत," एवढंच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाट साकेत नावाच्या बौद्ध मंदिराच्या सोनेरी टेकडीवर गेलो. तीनशेच्या वर पायऱ्या आई न बसता चढली. खाली उतरून जवळच्याच पानफा धक्क्यावर कालव्याची होडी पकडली. त्या कालव्याचं नाव सेन सेप. १८३७ साली तिथल्या तिसऱ्या राम राजाच्या कारकिर्दीत तो खणायला घेतला, पूर्वेकडच्या लढाईसाठी सैन्य आणि रसद न्यायला. तीन वर्षांनी पुरा झाला. आता त्यातून १९९० पासून प्रवासी होड्या धावतात आणि नोकरदार माणसं त्यांनी रोज कामाला जातात, आपण लोकलने जातो तशी. होडी लांबलचक, इंजिनाचा आवाज कानठळ्या बसवणारा, पाणी काळं. ते अंगावर उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना ताडपत्रीसारखा प्लास्टिकचा पडदा असतो आणि कडेला बसलेल्यांनी दोरी ओढून तो वर धरायचा. पूल ठेंगणे, म्हणून कंडक्टर डोक्यावर हेल्मेट घालून होडीच्या बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं देतात.

आई कडेला बसली. कुणी सांगायच्या आधी तिने दोरी हातात घेतली. समोरून दुसरी होडी आली की लाट येण्याच्या नेमक्या क्षणी ओढायची, लाट गेली की सोडायची. मी तिच्याकडे बघत राहिले. ठाण्यात जिना उतरताना कठडा धरणारी माझी आई इथे वेगळीच दिसत होती.

आम्हाला सापान हुआ चांगला उतरायचं होतं, मुलांना मत्स्यालय दाखवायचं होतं. हुआ चांग म्हणजे हत्तीचं डोकं. "आजी, आता हत्तीच्या डोक्याचा पूल, तिथे उतरायचं," असं धाकट्याने तिला दोनदा सांगितलं.

होडी धक्क्याला लागते आणि जेमतेम काही सेकंद थांबते. नवरा उतरला, लेक उतरली, धाकट्याला मी वर दिलं आणि आईसाठी हात मागे केला. आईचा हात हातात आलाही होता. तेवढ्यात मधून चारपाच माणसं चढली. हात सुटला. होडी निघाली. प्लास्टिकच्या पडद्यामागे आईची जांभळी साडी दिसली आणि वळणावर नाहीशी झाली.

११ वाजून १० मिनिटं झाली होती. आईचा फोन माझ्या पर्समध्ये होता.

नवरा मागच्या होडीने पुढे प्रतूनामला गेला. तिथे ही होडी संपते आणि सगळे दुसऱ्या होडीत बदलून पुढे जातात, त्यामुळे आई तिथे सापडणारच असं आम्ही धरून चाललो. त्याचा फोन आला, "नाहीयेत." माझे पाय गळाले. गर्दीच्या रेट्याबरोबर ती दुसऱ्या होडीत चढली असणार. आमचं हॉटेल प्रतूनामलाच, म्हणून तो तिथे बघायला धावला. लेकीने फोनमधून भाषांतर करून धक्क्यावरच्या माणसाला सगळं सांगितलं. तो येणाऱ्या प्रत्येक होडीच्या कंडक्टरला ओरडून काहीतरी विचारायचा आणि आमच्याकडे बघून मान हलवायचा.

लेक म्हणाली, "आई, आपण पण जाऊया ना शोधायला." मी हलले नाही. लहानपणी दिवाळी पहाटेला तलावपाळीच्या गर्दीत शिरण्याआधी आई आम्हा भावंडांना दरवर्षी बजावायची, "हरवलात तर हिंडायचं नाय. जिथं हात सुटला तिथंच उभं राहायचं. मी येते." मी त्या धक्क्यावर तशीच उभी राहिले. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

साडेबाराला प्रतूनामकडून होडी आली. पुढच्याच बाकावर आई, हातात दोरी. होडी लागायच्या आत ती उठून कडेला आली, कंडक्टरने पुढे केलेला हात तिने घेतला नाही, होडी वर उचलली गेली त्या क्षणी पाऊल टाकलं आणि धक्क्यावर आली. मला बघून म्हणाली, "उभी हायस ना? मला ठाव होतं." मी तिच्या गळ्यात पडून रडले. धाकटाही रडला. ती नाही रडली.

झालं होतं ते असं. दुसऱ्या होडीत चढल्यावर माणसं वेगळी दिसली तेव्हा तिच्या लक्षात आलं. मग तिने धक्के मोजायला सुरुवात केली. पाचव्यावर उतरली, कारण तिथे बरीच माणसं उतरत होती आणि बसायला बाक होता. बाकावर एक बाई बसली होती, आईहून थोडी लहान. तिच्या पिशवीत बांबूच्या गोल टोपल्या होत्या. एकेका टोपलीत दोन-तीन उकडलेले मासे, माना मोडून आत वळवलेले, टोपलीत मावावेत म्हणून. तिथे त्याला प्ला तू म्हणतात. आईला तो आपला बांगडाच वाटला. तिने डोळे बघितले, कल्ला बोटाने उचलून बघितला आणि चांगला आहे अशी मान डोलावली. ती बाई हसली. तिथून दोघींचं सुरू झालं. एकीचं मराठी, एकीचं थाई.

बटव्यात हॉटेलचं कार्ड होतं, थाई अक्षरांतलं. बाईने ते वाचलं. मग आईच्या मनगटाकडे लक्ष गेलं. घड्याळ चुकलंय असं वाटून तिने आईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि काटे फिरवून दीड तास पुढे नेले. आईने नेऊ दिले! आम्ही तीन दिवस डोकं फोडत होतो.

परतीच्या होडीत तिने आईला स्वतः बसवलं, तिकिटाचे पैसे दिले, कंडक्टरला सांगितलं. प्रतूनामला कंडक्टर हॉटेलकडे बोट दाखवत राहिला, पण आई जाईना. तिने दंड नाकाशी धरून सोंड केली आणि हलवून दाखवली. कंडक्टरला कळलं. हत्तीच्या पुलाकडे जाणाऱ्या होडीत त्याने तिला बसवून दिलं.

"हॉटेलवर का नाही गेलीस?" मी विचारलं.

"तू हितं होतीस ना."

रात्री तिला झोप येईना. त्या बाईचे तिकिटाचे पैसे राहिले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमान होतं. सकाळी आईने पिशवीतला बेसनाच्या लाडवांचा उरलेला डबा काढला आणि म्हणाली, "चला."

प्रतूनामहून मोजत गेलो. पाचव्या धक्क्यावरच्या पाटीवर नाव होतं अशोक. आईला वाचून दाखवलं तर तिला विशेष काही वाटलं नाही, तिचा धक्का तिला बाकावरून कळलेला होता. बाकावर कुणी नव्हतं. पाऊण तास बसलो. होड्या येत होत्या, जात होत्या, दर वेळी आई उतरणाऱ्यांचे चेहरे बघत होती. शेवटी ती उठून धक्क्यालगतच्या थंड चहाच्या गाडीकडे गेली. तिथे एक पोरगी होती. आईने दोन्ही तळव्यांची गोल टोपली केली आणि आपली मान वाकडी करून त्यात घातल्यासारखी दाखवली, अगदी त्या माशासारखी. पोरगी क्षणभर बघत राहिली आणि मग मोठ्याने हसली. मान डोलावली, घड्याळात चारवर बोट ठेवलं.

चारला आम्हाला विमानतळाच्या वाटेवर असायचं होतं. आईने डबा तिच्या हातात दिला, वर शंभर बाटची घडी घातलेली नोट ठेवली आणि पुन्हा एकदा हातांची टोपली करून दाखवली.

होडीत बसल्यावर मी विचारलं, "देईल का गं ती?"

आई पडद्याची दोरी हातात घेत म्हणाली, "देईल. नीट बघितलं मी तिच्याकडं."