पोराची शिष्यवृत्ती आणि माझं डिस्चार्ज बुक

मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि ऐरोलीत एका आयटी पार्कात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. पोरगा सुमित बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा सोसायटीत जो तो म्हणे, ''डिफेन्स कोटा ना, मग फी माफ असेल.'' सैनिकांच्या मुलांसाठी राखीव असलेल्या या कोट्यातून सीट मिळते, फी भरावीच लागते. पैशांसाठी अर्ज करायचा तो केंद्रीय सैनिक बोर्डाच्या, माजी सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या पंतप्रधान शिष्यवृत्तीला. मुलाला महिना 2,500, मुलीला 3,000.

देशभरातून दरवर्षी 5,500 जणांना मिळते. बारावीला किमान 60 टक्के हवेत आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. सीआरपीएफ-बीएसएफवाल्यांची योजना वेगळी, त्यांनी या रांगेत उभं राहू नये.

फॉर्म ऑनलाइन, पण कागद तपासतं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माझी नोंदणी साताऱ्याला होती, ती आधी ठाण्यात आणून घेतली. माझा एक बॅचवाला खारघरला राहतो. म्हणायला नवी मुंबईच, पण जिल्हा रायगड, म्हणून त्याला अलिबाग गाठावं लागलं.

ठाण्यातले कल्याण संघटक तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी माझं डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीवेळी मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, उघडलं, कुटुंबाच्या पानावर पट्टी ठेवली आणि पोराच्या दहावीच्या सर्टिफिकेटाशी एकेक अक्षर ताडून बघितलं.

''हवालदारसाहेब, पोराच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात सर्टिफिकेटात 'आय' आहे, इथं दोन 'ई' पडलेत.''

''साहेब, उच्चार तर तोच ना!''

''उच्चाराला शिष्यवृत्ती मिळत नाय.''

मग ॲफिडेव्हिट, जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट असं सगळं जोडून आमच्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेला. दुरुस्तीचं पत्र आलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. नशीब, हे बारावीच्या निकालाच्या आधीच सुरू केलं होतं. ज्यांची पोरं आत्ता आठवी-नववीत आहेत त्यांनी आजच ते पान उघडून बघा. बायकोचं नाव, जन्मतारखा, सगळं.

कॉलेजात वेगळीच गंमत. सैनिक बोर्डाच्या नमुन्यातल्या बोनाफाइडवर प्रिन्सिपलची सही लागते. ऑफिसने विभागप्रमुखांची घेऊन दिली आणि वर ''चालतं हो काका'' म्हणून सोडून दिलं. नाही चालत. अर्ज शेरा मारून परत आला. तेवढा कागद नव्याने करून घेतला. बँकेचं आधार जोडल्याचं पत्र मात्र उभ्या उभ्या मिळालं. खातं पोराच्याच नावाचं लागतं, बापाचं चालत नाही.

शिष्यवृत्ती कॅटेगरीच्या क्रमाने देतात, आमच्यासारखे साधे माजी सैनिक सहाव्या कॅटेगरीत येतात. युद्धात शहीद किंवा जायबंदी झालेल्यांच्या घरच्यांना आधी मान, आणि तो असायलाच हवा. उरलेल्यांत मार्कांवर ठरतं. सुमितचं नाव यादीत लागलं आणि वर्षाचे 30,000 एकदम खात्यात आले. मात्र तोवर फी आम्ही भरून मोकळे झालो होतो. खासगी कॉलेजच्या लाखाच्या वरच्या फीपुढे ही रक्कम काही मोठी नाही, पण लॅपटॉपचे हप्ते आणि रेल्वेचा पास त्यातून सुटला.

आता दरवर्षी नूतनीकरण. त्यासाठी पास होऊन किमान 50 टक्के हवेत. त्यामुळे सध्या मॅथ्सच्या पेपराची धास्ती त्याच्यापेक्षा मलाच जास्त आहे.