वाळूच्या टेकडीमागची जागा

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक सरकारी कॅम्पग्राउंडमधून समुद्र दिसत नाही. पहिल्यांदा येणारे पाहुणे यावर जरा हिरमुसतात. "बीचवर कॅम्पिंग म्हणाला होतात ना?" मी त्यांना जॅकेट घालायला सांगते आणि घेऊन निघते. साइटच्या मागून पायवाट जाते, वाऱ्याने वाकलेल्या पाइनच्या झाडांतून, मग वाळूच्या टेकडीवरून वर. माथ्यावर पोचलं की अख्खा पॅसिफिक समोर येतो. वाळूत ना हॉटेल, ना बंगला, ना कुंपण. आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, लावायची जागा टेकडीच्या मागे ठेवली आहे म्हणून पुढचा किनारा असा मोकळा राहिला आहे. मला हे फार मोलाचं वाटतं आणि आज मुख्यतः त्याबद्दलच लिहायचं आहे.

आम्ही दोघं पोर्टलंडच्या पश्चिमेला, बीव्हर्टनला राहतो. मुलगी कॉलेजला गेल्यावर आम्ही वापरलेली आरव्ही घेतली, 24 फुटी, क्लास सी. म्हणजे पुढे ट्रकची केबिन, मागे घर आणि केबिनच्या डोक्यावर एक पलंग. नवरा सोलापूरचा. समुद्र त्याने मोठेपणी पाहिला. मी गुहागरची, घराच्या मागच्या दाराने वाळूत उतरणारी. आमच्या दोघांच्या समुद्राकडे बघण्यात जो फरक आहे तो अजून टिकून आहे. तो काठावर उभा राहून तासभर नुसता बघतो, मला पाय ओले केल्याशिवाय चैन पडत नाही. इथलं पाणी भर उन्हाळ्यातही 10-13 अंशांच्या आसपास असतं, तरीसुद्धा.

हा किनारा असा का, हे मी इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचलं. 1913 साली ऑझवाल्ड वेस्ट या गव्हर्नरने भरती-ओहोटीमधली ओली वाळू कायद्याने सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर करून घेतली. तेव्हा खरोखरच गाड्या आणि टपाल वाळूवरून जात असत, त्यामुळे युक्तिवाद बिनतोड होता. रस्ता म्हटला की तो विकता येत नाही. पण वरची कोरडी वाळू या कायद्यात नव्हती. 1966 साली कॅनन बीचला एका मोटेलवाल्याने ओंडके टाकून आपल्यासमोरची कोरडी वाळू फक्त आपल्या गिऱ्हाइकांसाठी अडवली. लोक खवळले. विधिमंडळात विधेयक अडकलं, तेव्हा गव्हर्नर टॉम मॅकॉल सर्व्हेअर बरोबर घेऊन हेलिकॉप्टरने थेट किनाऱ्यावर उतरले आणि समुद्रसपाटीपासून 16 फूट उंचीची रेषा कुठे येते ते वाळूत मोजून सगळ्यांना दाखवलं. जुलै 1967 मध्ये कायद्यावर सही झाली. तेव्हापासून गवत उगवतं त्या रेषेपर्यंतची वाळू कुणालाही चालायला, बसायला, पोरांना खेळवायला मोकळी आहे. सुमारे 580 किलोमीटरचा किनारा, उत्तरेच्या कोलंबिया नदीपासून कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंत. खाजगी रिसॉर्टचा गार्ड आपल्याच समुद्रापासून आपल्याला हटकतो, हे मी कोकणातही पाहिलं आहे. म्हणून या कायद्याबद्दल मला जे वाटतं ते कृतज्ञतेच्या जवळचं आहे.

आता आमच्या जागा. सगळ्यात जास्त वेळा आम्ही नेहेलम बेला गेलो आहोत, घरापासून दोन तासांच्या आत. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधे लांबट वाळूचा दांडा, उत्तरेला निआकानी डोंगर थेट समुद्रातून उठलेला. फोर्ट स्टीव्हन्स त्याहून उत्तरेला, प्रचंड मोठं कॅम्पग्राउंड, गर्दीचं. तिथे 'पीटर आयरडेल' या चार डोलकाठ्यांच्या जहाजाचा सांगाडा वाळूत रुतलेला आहे, 1906 सालापासून. ओहोटीला त्याच्या फासळ्यांतून आरपार चालत जाता येतं. नवऱ्याला तो सांगाडा अतिशय प्रिय. गंज लागलेल्या लोखंडाचे फोटो त्याने किती काढले असतील! बेव्हर्ली बीचला कॅम्पग्राउंड हायवेच्या आतल्या बाजूला आहे, ओढ्याकाठच्या वाटेने हायवे 101 च्या खालून गेलं की समुद्र. आणि फ्लॉरेन्सजवळचं हनीमन. हनीमनला समुद्र लांब आहे, पण वाळूचे डोंगर आहेत, ते उतरून सरळ क्लीऑक्स तळ्यात पडतात. मे महिन्यात रोडोडेंड्रॉन फुलतो तेव्हा साइटभोवती गुलाबी भिंती उभ्या राहतात. मी त्याच महिन्यासाठी हटून बसते.

साइटवर पोचल्यानंतरचा पाऊण तास मला आवडतो. आरव्ही मागे घेताना मी मागे उभी राहते. आमच्यात दोनच खुणा ठरलेल्या आहेत, उघडा तळहात म्हणजे थांब आणि हात ज्या दिशेला तिकडे आरव्हीचा मागचा भाग. "थांब म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं," एवढा एकच करार. मग लेव्हल. चाकांखाली प्लास्टिकच्या फळ्या घालून आरव्ही सपाट करायची, कारण आमचा फ्रीज गॅसवर आणि विजेवर चालणारा जुन्या पद्धतीचा आहे आणि तो कललेला असला की त्याचं काम बिघडतं. मग चाकांना उटी लावायची. विजेच्या खांबाला केबल जोडण्याआधी नवरा व्होल्टेज तपासतो, नळाला प्रेशर रेग्युलेटर लावतो आणि मगच पाण्याचा पाइप जोडतो. तोवर मी आत गॅसवर चहा टाकलेला असतो.

आमच्या बहुतेक साइट 30 अँपच्या. इंडक्शन, हीटर आणि गिझर एकदम लावले की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. त्यामुळे स्वयंपाक प्रोपेनवर. छोटा कुकर, एक तवा, एक कढई, बास. सोलापूरहून येणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही कडक भाकरी मागवतो. ती आठवडेच्या आठवडे टिकते, फ्रीज अडवत नाही. शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि टेकडीपलीकडून येणारी गाज. मला यात काहीही कमी वाटत नाही. फक्त कुकरची शिट्टी सकाळी सातच्या आत नाही. रात्री दहा ते सात शांततेची वेळ असते आणि इथल्या भिंती पातळ.

भरती-ओहोटीचं मात्र नव्याने शिकावं लागलं. गुहागरला आजोबा तिथीवरून सांगायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मी इथेही तिथी लावून पाहिली. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) तर जुळतात, चंद्र तोच आहे, पण घड्याळाची वेळ किनाऱ्यागणिक बदलते. शिवाय इथे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक साधी आणि एक खूप खोल. ती खोल ओहोटी उन्हाळ्याकडे पहाटे-सकाळी येते. त्यासाठी मी पाचला उठते. यक्विना हेडच्या दीपगृहाखाली काळ्या गोट्यांचा किनारा आहे. खडकांतल्या डबक्यांत काटेरी गोळ्यांसारख्या जांभळ्या समुद्री साळू, केशरी तारामासे, हिरवी समुद्रफुलं बघत बसायचं, ओल्या गोट्यांवर पाय जपून टाकायचे आणि पाणी फिरलं की मागे यायचं. लाट परतताना ते गोटे एकमेकांवर घासून टाळ्यांसारखे वाजतात. दीपगृह 93 फुटांचं, राज्यातलं सर्वांत उंच, 1873 पासूनचं.

लाटांबद्दल एक गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक पाहुण्याला मी बजावते आणि इथेही लिहिते. समुद्राकडे पाठ करू नका. इथे स्नीकर वेव्ह येतात, वीस मिनिटं शांत लाटा आणि मग एकच वरपर्यंत धावत येणारी. किनाऱ्यावर पडलेल्या मोठमोठ्या ओंडक्यांवर लेकरं चढतात, फोटो काढतात. घोटाभर पाणीसुद्धा तो ओंडका उचलून गडगडवतं. माणसं त्याखाली सापडून गेली आहेत. यात मी कुणाची भीड ठेवत नाही. परक्या मुलांनाही खाली उतरवते.

न्यूपोर्टच्या साउथ बीचला आम्ही खेकड्यांसाठी जातो. यक्विना खाडीवरचा हिरवा पूल 1936 चा, काँडे मॅकलॉ या इंजिनिअरने बांधलेला. त्याच्या जवळच्या सार्वजनिक धक्क्यावरून जाळीचं कडं पाण्यात सोडायचं. परवाना लागतो. आमिष म्हणून कोंबडीची तंगडी. पंधरा-वीस मिनिटांनी कडं झपकन वर ओढायचं, सावकाश ओढलं की खेकडे कडेने निसटतात. मग पट्टीने मोजायचं. डंजनेस खेकडा पाठीवर पावणेसहा इंच हवा आणि तो नर हवा. पोटावरची झडप निमुळती म्हणजे नर, रुंद गोल म्हणजे मादी. मादी परत पाण्यात. लहानपणी कुर्ल्या पकडताना आम्ही असा भेद केला नव्हता. आता मादी सोडताना बरं वाटतं. उन्हाळ्याच्या अखेरीस कवच नवं असतं, आत मांस कमी आणि पाणी जास्त, म्हणून आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. कालवण बाहेरच्या शेगडीवर करते, कारण तो वास आरव्हीच्या पडद्यांत मुरतो. वाटप घरून गोठवून नेलेलं. शाकाहारी घरात वाढलेल्या माझ्या नवऱ्याने पहिला नांगा फोडला तो याच धक्क्यापाशी, आणि आता कडं ओढायचा मान तो कुणालाही देत नाही.

हिवाळ्यात लोक जात नाहीत. आम्ही जातो. यातली बरीच पार्क बाराही महिने उघडी असतात, आणि उन्हाळ्यातली जागा मिळवायला सहा महिने आधी बुकिंग उघडताच बसावं लागतं तसं जानेवारीत नसतं. पाऊस आडवा येतो. वादळात आरव्ही हलते, अंगणातलं छत्र गुंडाळून ठेवावं लागतं. दुपारी हीटर लावून नवरा शब्दकोडं सोडवतो, मी विणते, कधी तासभर एक शब्द नाही. घरी दोन मजल्यांत आम्ही दिवसभर एकमेकांना सापडत नाही. इथे पाय ताणला तरी लागतो. बावीस-तेवीस वर्षं दोघांनी वेगवेगळ्या शिफ्ट केल्यावर हा सहवास मला हवा होता. वादळ ओसरलं की वाळू उपसलेली असते, खालचे दगड उघडे पडतात, त्यांत अकीक सापडतात. उन्हाकडे धरले की मधासारखा रंग.

15 मार्च ते 15 सप्टेंबर नेहेलमच्या दांड्याच्या टोकाकडे दोर आणि फलक लागतात. स्नोई प्लोव्हर नावाचा मुठीएवढा पक्षी कोरड्या वाळूत अंडी घालतो, अंडी वाळूच्याच रंगाची. त्या काळात तिथे ओल्या वाळूवरून चालायचं, कुत्रा न्यायचा नाही, पतंग उडवायचा नाही, कारण पिल्लांना तो ससाण्यासारखा वाटतो. काहींना हे जाचक वाटतं. मला आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास आठवतं. तिथे 2002 च्या सुमारास सह्याद्री निसर्गमित्रच्या मंडळींनी कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि गावच त्या कामात उतरलं. सगळ्यांची वाळू म्हटली तर त्या पक्ष्याचीही आहे.

निघायच्या दिवशी डम्प स्टेशन, म्हणजे आरव्हीच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा. आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, मग ग्रे, म्हणजे भांड्यांच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हे काम नवरा करतो, हातमोजे घालून, अतिशय नीटपणे. नंतर सांडलेल्या जागी तो पाणी मारतोच, त्याचं नसलं तरी. जळाऊ लाकूड आम्ही नेत नाही, तिथेच विकत घेतो. 2022 मध्ये आमच्या घराजवळच्या फॉरेस्ट ग्रोव्हमध्ये अ‍ॅश झाडं पोखरणारा किडा सापडला. तो असा लाकडांतून प्रवास करतो.

कॅम्पग्राउंडमध्ये 'होस्ट' असतात. स्वतःच्या आरव्हीत निदान महिनाभर राहायचं, लाकूड विकायचं, चुलाणं साफ करायची, लोकांना वाट दाखवायची, आणि त्याबदल्यात साइट फुकट. बहुतेक निवृत्त जोडपी. पुढच्या वर्षी नवऱ्याची नोकरी संपते, तेव्हा आम्हीही अर्ज करणार आहोत. मला हनीमन हवंय, मे महिना. त्याला बॅन्डनजवळचं बुलर्ड्स बीच, तिथल्या 1896 च्या दीपगृहात येणाऱ्यांना माहिती सांगायला. फॉर्मवर दोन्ही पसंत्या लिहिता येतात, पण पहिली कुठली लिहायची यावर काल रात्री जेवताना बोलणं सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.