इंजिन बसेल, पण कशावर?

आमच्या गॅरेजवर बोर्ड लागला तो गॅरेज सुरू झाल्यावर अकरा वर्षांनी. १९९६ साली बाबांनी जामसंड्याला रस्त्याकडेला चार वासे उभे करून वर नारळाची झापं टाकली, तेव्हापासून ‘थंय तो जीपवालो आसा’ एवढाच पत्ता होता आणि तो पुरायचा. बोर्ड रंगवून घेतला तोही बँकेने कर्जाच्या कागदांबरोबर दुकानाचा फोटो मागितला म्हणून.

त्याआधी वीस वर्षं बाबा मुंबईत एका गॅरेजात मिस्त्री होते. गावी परतले तेव्हा देवगड तालुक्यात जिकडे बघावं तिकडे जुन्या जीप. कातळावरच्या कलमांच्या बागांत ट्रक आत जात नाही. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत आणायच्या म्हणजे जीपच लागते. सरकारी खात्यांच्या लिलावातून घेतलेल्या, तीन-चार हात फिरलेल्या गाड्या त्या. हंगामात रात्री बारा वाजताही कुणीतरी टॉर्च घेऊन दारात उभं असायचं, ‘पाटो मोडलो’ सांगत. पाटा म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग. जूनमध्ये पाऊस लागला की सगळं शांत. पुढचे आठ-नऊ महिने पंक्चर काढायचे आणि मासेमारीच्या होड्यांची इंजिनं बघायची. जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचं काम आम्ही धरलं ते या रिकाम्या महिन्यांमुळे. जुन्या गाड्यांचा वगैरे षौक तेव्हा आम्हाला नव्हता, तो नंतर लागला.

पहिलं गिऱ्हाईक २००१ साली आलं. पडेल कॅन्टीनच्या बाजूचे एक बागायतदार, आम्ही त्यांना काका म्हणायचो. गाडी उंच बॉनेटची, सीजे-३बी. ते सगळ्यांना ‘महायुद्धातली जीप’ म्हणून सांगायचे. आजही दर दोन महिन्यांनी कोणीतरी तेच सांगत येतं. महायुद्ध संपलं १९४५ ला आणि हे मॉडेल अमेरिकेच्या विलीज कंपनीने आणलं १९५३ ला. महिंद्राने ते पुढे कित्येक वर्षं इथेच बनवलं, त्यामुळे आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक जुन्या जीप याच घरातल्या. बॉनेट उंच आहे तेही रुबाबासाठी नाही. त्यात बसवलेलं २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, त्याला डोकं वर काढायला जागा हवी होती. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की त्याचा चेहरा पडतो, म्हणून हल्ली मी काम पूर्ण झाल्यावर सांगतो.

काकांची जीप लिटरला पाच किलोमीटर देत होती आणि तेलही पीत होती. त्यांना डिझेल हवं होतं. आम्ही कोल्हापूरहून एका मोडलेल्या एमएम-५४० चं, म्हणजे महिंद्राच्याच डिझेल जीपचं, इंजिन आणलं, फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेलं एक्सडीपी ४.९०. या इंजिनाचं माप त्याच्या नावातच आहे: सिलिंडर चार, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास नव्वद मिलिमीटर. एकूण २११२ सीसी. बाबांनी सौदा करताना एक शहाणपण केलं, इंजिन बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) आणि फ्लायव्हीलसकट घेतलं. त्यामुळे जीपच्या गिअरबॉक्सशी जोडायला वेगळी प्लेट कापावी लागली नाही. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ग्राइंड करून आणला. मी नुकताच आयटीआय होऊन आलो होतो. डायल गेज लावून बेल हाउसिंग क्रँकच्या मध्याशी जुळतंय का ते बघायचं माझ्याकडे होतं. ते जरा जरी सरकलं तरी गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग काही महिन्यांत ओरडायला लागतं.

बाकीच्या अडचणी एकेक करून समोर आल्या. डिझेल इंजिन वजनाला जास्त, पुढचे पाटे बसले, एक पाटा वाढवावा लागला. सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, पुढच्या डिफरन्शियलवर टेकत होता. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची ओढली. डिझेल इंजिन चावी फिरवून बंद होत नाही, त्याचं डिझेल तोडावं लागतं, म्हणून डॅशबोर्डमधून स्टॉपची केबल काढली. सगळ्यात गंमत वायपरची. या जीपचा वायपर विजेवर नव्हे, इंजिनाच्या ओढीवर चालायचा. पेट्रोल इंजिन मॅनिफोल्डमधून हवा ओढतं, त्या व्हॅक्यूमवर काच पुसली जायची. डिझेलला हवा अडवणारा पडदाच नाही, त्यामुळे व्हॅक्यूमही नाही. गाडी तयार झाली, पहिल्या पावसात काकांनी नॉब ओढला आणि वायपर ढिम्म. पुढे इलेक्ट्रिक मोटर बसवेपर्यंत काका एका हाताने काच पुसत होते.

तरीही गाडी पळाली. आम्ही बाप-लेक खूश. काकांनी देवळात नारळ फोडला.

पुढच्या हंगामात पेट्या भरून ते कोल्हापूरला निघाले. तळेऱ्यावरून वैभववाडी आणि पुढे करूळ घाट. अर्ध्या घाटात इंजिन उजवीकडे कलंडलं, पंखा रेडिएटरमध्ये घुसला आणि पाणी सगळं रस्त्यावर. एसटी स्टँडवरच्या बूथमधून त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते, रबर गेलं असेल. जाऊन बघतो तर रबर नवं कोरं. आम्ही वेल्ड मारून बसवलेलं ब्रॅकेटही शाबूत. फाटली होती ती चॅसी, गाडीचा लोखंडी सांगाडा. ब्रॅकेट चॅनलचा तळहाताएवढा तुकडा घेऊन बाहेर आलं होतं, वहीचं पान टराटरा फाडावं तसं. तुकडा उलटा केला, आतली बाजू तपकिरी, नखाने पापुद्रे निघत होते. बाहेरून त्यावर आम्हीच चकचकीत काळा रंग मारला होता.

गाडी टोचन करून जामसंड्यापर्यंत आणली. वाटेत काका एक शब्द बोलले नाहीत. पेट्या दुसऱ्या टेम्पोत चढवल्या, पण उन्हात जेवढा वेळ गेला तेवढ्यात वरचा थर गेलाच. ती भरपाई आणि पुढचं सगळं काम आमच्या खिशातून झालं. आई त्या वर्षी गणपतीला नवी साडी घेणार होती, ती राहिली.

शेडमध्ये बाबा त्या तुकड्याकडे बघत बसले होते. मी म्हटलं, जाड प्लेट मारू, परत इंजिन बसवू. ते म्हणाले, “इंजिन बसतला रे. पण कशार बसतला, ता आधी बघूक होया होता.”

आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी तिथून धरतो. पत्रा बाहेरून गंजला तर तो दिसतो, कोणीही घासून रंग मारेल. जीपची चॅसी मात्र जिथे बंद पेटीसारखी आहे, तिथे ती आतून जाते. आपल्याकडची तांबडी माती चाकांनी उडून आत शिरते आणि चिखल होऊन बसते. वर समुद्राची खारी हवा. घाटावर जीप पावसाळ्यानंतर वाळते, इथे तो आतला चिखल दिवाळीपर्यंत ओलाच असतो. त्यात मीठ. घाटावरची तीस वर्षांची चॅसी आणि देवगडची बारा वर्षांची चॅसी शेजारी ठेवली तर आमच्याकडची म्हातारी दिसते. अशा लोखंडाला पेट्रोल इंजिन कसंबसं सांभाळून घेतं. डिझेलचं कॉम्प्रेशन त्याच्या तिपटीच्या आसपास, प्रत्येक फटका माउंटिंगमधून चॅनलला बसतो. स्टार्ट होताना आणि बंद पडताना तर जास्तच.

तेव्हापासून आमच्याकडे गाडी आली की इंजिनाला हात लागत नाही. बॉडी उचलून बाजूला. मग बाबा लहान हातोडी घेऊन चॅसीवर एका टोकापासून ठोकत जायचे, बोटभर अंतराने. चांगलं लोखंड टण्ण वाजतं आणि हातोडी परत उसळते. गेलेलं ‘थप्’ करतं आणि हातोडी तिथेच राहते. जिथे थप् झालं तिथे खडूची फुली, फुलीवर सहा मिलिमीटरचं ड्रिल. भोकातून बाहेर येतं ते बघायला मी गिऱ्हाइकाला मुद्दाम उभं करतो. भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी, त्यात कधी मुंगळे, कधी आंब्याच्या पेटीतलं गवत. ते बघितलं की पुढची अर्धी चर्चा वाचते.

गेलेला भाग कापून त्याच जाडीची चादर मोडून घालायची, वरून ठिगळ नाही. ठिगळाच्या आत पाणी राहतं, म्हणजे दोन वर्षांनी परत तेच. पाणी बाहेर जायला खालून भोकं मोकळी ठेवायची, आणि आतून मेणासारखं गंजरोधक फवारायचं. पूर्वी आम्हीही सगळ्यांसारखं जळकं ऑइल मारायचो. ते स्वस्त आणि गुणकारी खरं, पण पावसात धुऊन शेजाऱ्याच्या विहिरीकडे जातं. शेजारी आमचे चुलतेच, त्यांनी ते बरोबर लक्षात आणून दिलं.

चॅसीचं काम इंजिनापेक्षा महाग पडतं आणि ते कोणाला दिसत नाही. म्हणून सुरुवातीला गिऱ्हाइकं परत गेली. ‘माका इंजिन होया, तुमी सांगाडो कित्या विकतास?’ असं तोंडावर म्हणून गेलेले आहेत. तीन वर्षं जेमतेम निघाली. मग हळूहळू गोव्याहून, बेळगावहून, पुण्याहून लोक यायला लागले. त्यांना आंबे वाहायचे नव्हते, आजोबांची जीप परत उभी करायची होती. या लोकांना घाई नसते आणि ते फोटो काढतात. फोटोंनी आमचं फार भलं केलं.

दुसरा झटका कागदांचा. पेट्रोलचं डिझेल करायचं तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्यायची, हे आम्ही पहिल्यापासून पाळलं होतं. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट झाला, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही. त्या वेळी शेडमध्ये दोन पेट्रोल जीप डिझेलसाठी उभ्या होत्या, दोन्हींचा ॲडव्हान्स घेतलेला. मी ॲडव्हान्स परत केला. एकाचं मूळ हरिकेन इंजिनच बांधून दिलं, दुसरा गाडी घेऊन गेला. त्याने ते काम दुसरीकडून करून घेतलं असं कळलं. असो.

त्यानंतर आम्ही डिझेल इंजिन बसवतो ते ज्या गाडीच्या आरसीवर डिझेलच आहे तिला, आणि इंजिनही त्याच जातीचं. म्हणजे मुख्यतः एमएम-५४० आणि कमांडर. इंजिन घेताना बिल, ज्या गाडीतून काढलं तिचे कागद आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला तरच टेम्पोत चढवायचं. नंबरावर ग्राइंडर फिरलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्यायचं. नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेतल्याशिवाय गाडी शेडबाहेर जात नाही. काम निम्म्यावर आलं, पण रात्रीची झोप पूर्ण आली.

मे २०२१ चं तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. शेडचे सोळा पत्रे उडाले, दोन शेजारच्या बागेत मिळाले, बाकीचे कुठे गेले देव जाणे. उघड्या पडलेल्या चार चॅसींवर दोन दिवस समुद्राचंच पाणी बरसल्यासारखं झालं. प्रायमर मारलेल्या तीन वाचल्या. चौथी आदल्याच दिवशी घासून पांढरी केली होती, ती तिसऱ्या दिवशी केशरी. परत घासली. आता घासलेलं लोखंड त्याच दिवशी प्रायमरखाली गेलं नाही तर कोणी घरी जायचं नाही, आणि शेडच्या भिंती चिऱ्याच्या आहेत.

आज आम्ही पाच जण आहोत. वर्षाला चार गाड्या, फार तर पाच. एप्रिल-मेमध्ये नवं काम घेत नाही, तेव्हा बागायतदारांचे पाटे आणि क्लच. बाबांच्या कानाला आता कमी येतं. तरी चॅसी ते एकदा बघतातच, हातोडी माझा भाचा मारतो आणि बाबा चॅनलवर तळवा ठेवून चालतात. मागच्या वर्षी भाच्याने ‘टण्ण’ म्हणून पुढे सोडलेल्या जागी त्यांनी फुली मारली. ड्रिल घातलं. चहाचा चोथा.

सध्या शेडमध्ये एक ५४० आहे, मालक पुण्याचे. इंजिन दोन महिन्यांपूर्वीच बांधून झालंय. पंप कॅलिब्रेट केला, नोजल नवे, थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे चारही हीटर नवे. आपल्याकडच्या उकाड्यात हीटर मेले तरी कळत नाही, आंबोलीला डिसेंबरच्या पहाटे सेल मारला की कळतं. चॅसीचा मागचा आडवा चॅनल मात्र अजून मोडून आलेला नाही, आणि चार फुल्या बाकी आहेत. मालक दर रविवारी फोन करून एकच विचारतात, इंजिन कधी बसणार. गेल्या रविवारी म्हणाले, निदान आवाज तरी ऐकवा. मग इंजिन स्टँडवर घेतलं, रेडिएटरऐवजी पाण्याचं पिंप जोडलं, डिझेलची बाटली वर टांगली, हवा काढली आणि सेल मारला. भाच्याने फोन धरला होता. दोन मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, बंद करू नका एवढ्यात.