छाटणीच्या तारखेपासून मांडवापर्यंत

पंचांगातला वसंत यायला अजून अवकाश आहे, पण पुण्यातल्या बागांचा खरा बहर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातच असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, पॅन्सी आता भरात आहेत. रात्री गार असल्याने लाल-जांभळे रंग गडद उतरलेत. मार्चचं ऊन लागलं की हीच रोपं बघता बघता माना टाकतील. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे भरतं, ते अगदी मोक्यावर.

यंदा मी पहिल्या दिवशी सकाळीच गेले, लोकांना आत सोडायच्या कितीतरी आधी. शेजारचे काका गुलाबाच्या स्पर्धेत उतरतात, त्यांना बादल्या सांभाळायला माणूस हवं होतं. आत्या चार दिवस राहायला आलीय, तीही निघाली. काकांनी फुलं आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर कापली होती. लांब दांड्याची, अर्धी ते पाऊण उमललेली. रात्रभर ती पाण्यात उभी होती. गाडीत मागच्या सीटवर मी दोन बादल्या पायांत धरून बसले आणि पुढून आत्या प्रत्येक वळणावर, "अहो, स्पीडब्रेकर जपून घ्या हं."

गुलाबाचं फूल स्पर्धेसाठी कसं तयार करतात ते मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. काकांनी 'डॉ. होमी भाभा' जातीचं पांढरं फूल हातात घेतलं. आधी मऊ ब्रशने पाकळ्यांवरची धूळ झटकली. बाहेरच्या एका पाकळीवर तपकिरी ठिपका होता. ती पाकळी त्यांनी बुडाशी चिमटीत धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवली आणि अलगद सोडवली. देठाशी तुकडा राहिला तर परीक्षकांच्या नजरेत येतो. मग कापसाचे बारीक बोळे पाकळ्यांच्या मध्ये सारून फूल थोडा वेळ तसंच ठेवलं. काढल्यावर बाहेरची फेर सगळीकडून सारखी उघडलेली आणि मधला गाभा उंच, टोकदार, बरोबर मधोमध. पानं ओल्या फडक्याने पुसली, त्यांना तेलबिल काही लावलं नाही. शेवटी दांडा थोडा कापला, फुलाच्या मानाने तो लांब दिसत होता. हे सगळं एका फुलाचं. तोवर मी श्वास रोखून बादलीशेजारी उभी.

पण खरं काम डिसेंबरातच झालेलं असतं. छाटणीपासून फूल यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, थंडी जास्त पडली तर आणखी. प्रदर्शनाची तारीख कळली की काका कॅलेंडरवर उलटे दिवस मोजतात. सगळी झाडं एकदम छाटत नाहीत. काही आज, काही तीन-चार दिवसांनी, काही त्याच्याही नंतर, म्हणजे हवा कशीही निघाली तरी एखादी तुकडी तरी नेमक्या सकाळी तयार असते. मध्ये ढगाळ दिवस आले की भुरीची, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीची धास्ती. मावा, तुडतुडे आहेतच. गच्चीवर पहाटे टॉर्च घेऊन पानांच्या मागची बाजू बघत फिरणारे काका मी आमच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलेत. त्यांच्या त्या फेऱ्या ज्याने पाहिल्यात त्याला मांडवातलं फूल वेगळंच दिसतं. मला प्रदर्शनात सगळ्यात जास्त ओढ वाटते ती याच गोष्टीची: फुलामागच्या या दोन-चार महिन्यांची, जे मांडलेले नसतात.

परीक्षण सुरू झालं तसं सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही तिघं बागेत हिंडलो. ३९ एकरांची ही बाग, आधी सोल्जर्स गार्डन म्हणून ओळखली जायची. पुढे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली आणि बागेला एम्प्रेस नाव मिळालं. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया तिची देखभाल करते. प्रदर्शनाला येणारे बरेच लोक मांडवातूनच परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. गारंबीची ती अजस्र वेल न बघता कोणी जाऊ नये. तिचं खोड जमिनीवरून वळसे घेत झाडावर चढतं, तिथून दुसऱ्या झाडावर, आणि कुठून सुरू झाली नि कुठे संपली याचा थांग लागत नाही. तिच्या शेंगा हातभरापेक्षा लांब होतात, आणि आतल्या चपट्या तपकिरी बिया पाण्यावर तरंगत समुद्रापार दुसऱ्या किनाऱ्यांना लागतात. आत्याने खोडावर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

निकाल लागले. काकांच्या पांढऱ्या फुलाला दुसरा नंबर! पहिला नंबर 'पीस'च्या एका फुलाला, पिवळ्यावर कडेने गुलाबी झाक. काका त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मला म्हणाले, "गाभा बघ. कुठे दुभंगलेला नाही. याच्यापुढे माझं दुसरंच." हे त्यांनी इतक्या मोकळ्या मनाने म्हटलं की मला त्यांच्या नंबरापेक्षा त्याचाच अभिमान वाटला. आत्याने नावांची चौकशी सुरू केली तेव्हा काका खुलले. 'पीस' ही जात फ्रान्सच्या मेयाँ यांनी केलेली. १९४५ साली, बर्लिन पडायच्या सुमारास अमेरिकेत तिला हे नाव दिलं गेलं. आणि 'डॉ. होमी भाभा' आपल्या डॉ. बी. पी. पाल यांची. आयुष्य गव्हाच्या संशोधनात घालवलेला माणूस, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक, आणि सोबत गुलाबाच्या नव्या जाती करत राहिला. आत्या प्रत्येक फुलाशी वाकून वास घेत होती. देखण्या फुलांपैकी बरीचशी बिनवासाची निघाली. तिचं मत पडलं की गुलकंदाच्या गावठी गुलाबाला यांच्यातलं एकही हरवणार नाही, आणि वासापुरतं मलाही ते पटलं.

बोन्साय आणि इकेबानाच्या दालनांत गर्दी फार होती, भरभर पाहून झालं. भाज्यांचं टेबल मात्र मला दरवर्षी आवडतं. तिथे मोठं वांगं जिंकत नाही, एकसारखी वांगी जिंकतात. ताटलीतल्या सगळ्यांचा आकार, रंग, देठ सारखा हवा. त्यासाठी झाडावरची किती वांगी बाजूला ठेवावी लागली असतील!

डेलियाच्या कुंड्यांपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. जेवणाच्या ताटाएवढी फुलं, वाइनच्या रंगाची, एकाही पाकळीला डाग नाही. कार्डावर एका कंपनीचं नाव होतं. बाजूला दोरीपलीकडे एक माळीकाका पाण्याचा डबा घेऊन उभे होते. मी विचारलं, एवढं मोठं फूल कसं काढलंत? आधी संकोचले, मग हातांनी दाखवत सांगायला लागले. "मधली कळी ठेवायची, बाजूच्या दोन लहानपणीच खुडायच्या. आधी जीव होत नाही, ताई. पण त्या ठेवल्या तर तिन्ही बारीक निघतात." दांडा आतून पोकळ असतो म्हणून काठीला कुठे-कुठे बांधायचं, पाणी कधी तोडायचं, सगळं सांगितलं. बोटांची नखं मातीने कायमची काळवंडलेली. मी म्हटलं, कार्डावर तुमचं नाव नाही? "नाव कंपनीचंच असतं की," ते म्हणाले. कुरकुर नव्हती त्यात.

मला मात्र ते सोसवलं नाही, अजूनही सोसवत नाही. बंगल्याची, संस्थेची, कंपनीची बाग असते आणि कुंडीचे पैसे तेच भरतात, हे खरं. पण बाजूच्या दोन कळ्या कोणत्या दिवशी खुडायच्या हे त्या माणसाला ठाऊक होतं. प्रवेशिका भरताना मालकाच्या नावाखाली माळ्याचं नाव लिहायला खर्च काहीच नाही. बक्षीस घ्यायलाही त्यालाच पाठवावं.

बाहेर पडताना स्टॉलवर आत्याला फुलांनी लगडलेला गुलाब घ्यायचा होता. काकांनी थांबवलं. म्हणाले, फुलं बघून घेऊ नका, सांधा बघून घ्या. डोळा भरलेली जागा, म्हणजे जंगली खुंटावर गुलाबाचं कलम केलेली जागा, भरीव आणि जमिनीच्या वर हवी. तिच्या खालून फुटवा येत असेल तर तो जंगली खुंटाचा, तो वेळीच काढला नाही तर दोन वर्षांत मूळ गुलाब मरतो आणि खुंटच फोफावतो. शेवटी एकही फूल नसलेलं, पण तीन जाड फांद्यांचं रोप घेतलं. स्टॉलवाल्या मुलाने उरुळी कांचनकडच्या आपल्या नर्सरीचा पत्ता दिला आणि आत्याला बजावलं, "मावशी, घरी नेल्या नेल्या कुंडी बदलू नका, आठवडाभर सावलीत असू द्या."

आमच्या सोसायटीनेही पुढच्या वर्षी पिटुनियाच्या कुंड्या मांडाव्यात असं काका म्हणतात. मी हा विषय कमिटीच्या येत्या बैठकीत घेणार आहे. म्हणजे सप्टेंबरात बी पेरायला हवं, आणि प्रवेशिकेवर आमच्या माळीकाकांचं पूर्ण नाव असेल हे त्याच बैठकीत ठरवून घ्यायचं आहे.