पू ४

जुनी घरं उतरवणं हा आमचा धंदा. पाडायचं काम जेसीबीवाल्याचं, तो आमच्यानंतर येतो. मालक जागा बिल्डरला देतो, लाकडाचा सौदा आमच्याशी करतो. आम्ही कौलापासून खांबाखालच्या तळखड्यापर्यंत सगळं सुटं करून नेलं, की उरलेल्या चिऱ्यांवर मशीन चढतं. चिपळुणात मी हे बावीस वर्षं करतोय. वडील करायचे तेव्हा वर्षाला दोन घरं मिळाली तरी साल निघायचं. आता एकेका उन्हाळ्यात पाच-सहा उतरवतो.

कारण इथल्यांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी शहरात शिरली. २००५ चा पूर पाहिलेले म्हणायचे, एवढं पाणी परत येत नाही. ते आलं. त्यानंतर बाजारपेठेच्या आसपास कोणाला जमिनीलगत झोप लागेना. बिल्डरांना आयतंच सापडलं : खाली पार्किंग, वर माणसं.

माल जातो अलिबागकडे. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट माणसं नेणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू उघडला, आणि शनिवार-रविवारची घरं बांधणाऱ्यांना मुंबईहून तिकडे जाणं सोपं झालं. त्यांना हवं असतं कोकणी घर. कोकणातल्याला हवा असतो फ्लॅट. मधल्या ट्रकवर माझं पोट.

गेल्या मार्चमधलं एक घर मात्र डोक्यातून जात नाही.

बाजारपेठेच्या मागच्या आळीतलं, ओटी-माजघर धरून सोळा खांब. वारस पाच. तिघं डोंबिवली-बोरिवलीत, बहीण पुण्यात, आणि थोरले तेवढे इथे, घरात. त्यांना आपण अण्णा म्हणू. अण्णांनी नऊ वर्षं सही केली नव्हती. "आमचं मूळ घर आहे. चार पिढ्या याच जोत्यावर गेल्या," हे त्यांचं वाक्य आळीत सगळ्यांना पाठ होतं. धाकटे भाऊ दर गणपतीत येऊन भांडून जायचे. पूर आला, दोन वर्षं अण्णांनी भिंतीची ओल काढली आणि मग थकून सही केली. सौद्याच्या दिवशी मला म्हणाले, "लाकूड कोणा हॉटेलवाल्याला देऊ नका हो." मी हो म्हटलं. सगळेच असं काहीतरी सांगतात आणि आम्ही सगळ्यांनाच हो म्हणतो.

भाव करताना मी खांब ठोकून पाहिले. हे काम हातोडीच्या आवाजाचं आहे. आतून भुंग्याने पोखरलेला खांब बद्द वाजतो, निकोप साग ठणठणतो. सोळाच्या सोळा ठणठणले. कोपऱ्यात पटाशीने सालपट काढलं तर आत मधासारखा रंग आणि तो तेलकट, चामड्यासारखा वास. मनात म्हटलं, असा माल दहा वर्षांत पाहिला नाही. तोंडाने अर्थातच दुसरं बोललो. आठ खांबांना साधारण सात फुटांवर ठिगळं होती, म्हणजे जुनी भोकं लाकडाचे तुकडे ठोकून बुजवलेली. "अण्णा, हा ठिगळांचा माल. पॉलिश केलं की डाग उघडे पडतात, गिऱ्हाईक घेत नाही." त्या आठ खांबांचा भाव मी जवळजवळ निम्म्यावर आणला. अण्णांनी वाद घातला नाही.

उतरवायला पाच दिवस लागले. बाहेरच्यांना वाटतं घर उतरवणं म्हणजे ताकदीचं काम. ते खरं तर लिहिण्याचं काम आहे. प्रत्येक तुकड्यावर लाल ऑइलपेंटने दिशा आणि आकडा लिहायचा, तोच वहीत, आणि वहीत नकाशा. पश्चिमेच्या रांगेतला चौथा खांब, तर 'प ४'. हे चुकलं की अलिबागला जोडताना मिस्त्री आईबहीण काढतो. मग कौलं, हातोहात, एका रांगेत उभं राहून. मग रिपा, वासे, आढं. तुळया शेवटी, कारण खांबाचं कुसू, म्हणजे वरच्या टोकाला घडवलेली जीभ, तुळईच्या भोकात बसलेलं असतं आणि पाचर काढल्याशिवाय तुळई उचललीत तर कुसू मोडतं. मोडलेल्या कुसवाचा खांब फूटभर आखूड झाला म्हणून समजा. पूर्वी आमच्याकडे गुहागर-खेडकडची पोरं होती, त्यांना हे सांगावं लागत नसे. घरी बापाबरोबर शाकारायला चढलेली असायची. ती आता मुंबईला. आता गोरखपूरकडचे दोघे भाऊ आहेत. कष्टाळू, पण कौलारू घर त्यांनी इथेच पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहिलं ते मोडताना. त्यात त्यांचा काय दोष. तयार पोरं मिळत नाहीत म्हणून कुरकुरणारे माझे धंदेवालेही स्वतःच्या मुलांना पुण्याला इंजिनीअरिंगला घालतात. मीही घातलाय.

एकदा वनखात्याच्या पासासाठी तीन दिवस ट्रक नाक्यावर उभा होता, ती कथा वेगळी. घराचं जुनं लाकूड आणि चोरून तोडलेला साग यांतला फरक कागदावरच कळणाऱ्या माणसांबद्दल लिहायला बसलो तर हे राहून जाईल.

घरातल्या माणसांचा हिशेबही आम्हाला आपोआप कळतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६ लाख ९६ हजारांवर होती, २०११ ला १६ लाख १५ हजारांवर आली. पेपरात वाचून लोक हळहळले. आम्ही ते बिजागऱ्यांत पाहतो. या घरात पाच खोल्या. तीन खोल्यांच्या बिजागऱ्या गंजून करकरत होत्या, म्हणजे त्या गणपती आणि शिमग्यापुरत्या उघडत असणार. राबतं दार अण्णांच्या खोलीचं आणि न्हाणीचं.

चौथ्या दिवशी दुपारी पश्चिमेची तुळई उचलली. 'प ४' चं कुसू उघडं पडलं. त्यावर धुळीचा थर. मिस्त्रीने फडक्याने पुसलं आणि मला हाक मारली. कुसवाच्या गालावर पटाशीने कोरलेलं होतं : 'पू ४'.

अशा खुणा असतात. जुने सुतार खाली जमिनीवर सगळे सांधे बसवून बघत, खुणा करत, मग घर उभं करत. पण पूर्वेचा खांब पश्चिमेला कसा? मिस्त्री म्हणाला, सुताराची चूक. मी शेजारचा उघडला. माझा 'प ३', त्याचा 'पू ३'. मग पूर्वेकडची रांग. माझा 'पू १', त्याचा 'प १'. आख्खी रांग अशी. एवढं चुकणारा सुतार असे सांधे करत नाही. घर उलटं उभं होतं. आज ओटी पूर्वेला तोंड करून होती. पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा ती मावळतीकडे बघत असणार.

मग मी वेड्यासारखा सगळं लाकूड पालथं घालायला लागलो. तुळयांचं एक टोक तासणीने घडवलेलं, त्यावर खूण; दुसरं टोक करवतीने सपाट कापलेलं, त्यावर काहीच नाही. म्हणजे इथल्या जागेत बसावं म्हणून घर आखूड केलेलं. वाशांना खिळ्यांच्या भोकांच्या दोन वेगळ्या रांगा : एक आताच्या मंगलोरी कौलांची, दुसरी दाट, नळ्यांच्या म्हणजे जुन्या अर्धगोल कौलांच्या काळातली. आणि ती सात फुटांवरची ठिगळं. तिथे तुळया शिरत होत्या. या घराला माडी होती. कोणीतरी ती तिथेच ठेवून किंवा विकून, खालचं घर सुटं करून, आकड्यांवरून परत जोडून इथे उभं केलं होतं. म्हणजे माझ्याच धंद्यातला कोणीतरी माझ्या आधी इथे येऊन गेला होता, आणि त्याच्या कामाला ठिगळं म्हणून मी भाव पाडला होता.

अण्णा समोरच्या पायरीवर बसून बघत होते. त्यांना बोलावलं. न सांगता राहता आलं असतं. मिस्त्रीनेही डोळ्यांनी तसंच सुचवलं. पण मला दाखवायची हौस. त्यांनी अक्षरांत बोट फिरवलं, दोनदा. मी सगळं समजावून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलंत?" जणू मला ठाऊक होतं आणि मी लपवलं.

डोंबिवलीच्या भावाला फोन लावला तर तो हसत सुटला. "म्हणजे आपलं घरपण चाकरमानी!" अण्णांनी फोन ठेवून दिला.

अण्णांच्या काकी समोरच्या भाड्याच्या खोलीत होत्या, नव्वदीच्या आसपास. त्यांना विचारलं. "माझी सासू सांगायची की हो," त्या म्हणाल्या, "घर होडीतनं आलं. आम्हाला वाटायचं पोरांना गप्प करायला सांगते." कुठून आलं? "खालनं." खालनं म्हणजे कुठून? "खालनं म्हणजे खालनं रे."

वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर तिथून गलबतं गोवळकोटच्या धक्क्याला लागायची. दाभोळ एके काळी केवढं बंदर होतं हे शाळेत शिकलोय. तिथली पेठ बसली तेव्हा माणसं वर सरकली असतील, घर बरोबर घेऊन. किंवा मधल्या एखाद्या गावातून आली असतील. कागद नाही, काकींच्या पलीकडे विचारायला माणूस नाही. पण मावळतीकडे तोंड आणि 'खालनं', एवढं जुळतं.

माल अलिबागला गेला. तिथल्या आर्किटेक्टबाईंना मी 'पू ४' चा फोटो पाठवला होता, तर त्यांना तेच हवं झालं. सांधे उघडे ठेवणार म्हणाल्या, ठिगळांसकट. ठिगळांच्या सात खांबांना त्यांनी आपण होऊन जास्त भाव दिला. तो फरक अण्णांचा होता असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. दिलेला नाही. सौदा झाला की झाला, हे वडिलांचं वाक्य मी स्वतःला बऱ्याच वेळा ऐकवलंय.

आठवा, 'पू ४', मी पाठवला नाही. ट्रक भरायच्या आदल्या रात्री अण्णांचा फोन आला. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एक खांब ठेवायचा आहे, किंमत सांगा. किंमत नको म्हटलं. तेवढ्याने सुटलो असं वाटलं होतं.

खांब साडेदहा फूट आहे. फ्लॅटची उंची साडेनऊच्या आत, आणि लिफ्टमध्ये तेवढाही मावणार नाही, जिन्याने चढवावा लागेल. म्हणजे फूटभर तरी कापणं आलं. कोणताही सुतार खालूनच कापेल, ओलीने खराब होतो तो भाग बुंध्याचाच. पण या खांबावर साडेसहा फुटांवर २०२१ च्या गाळाची रेघ आहे, घासूनही न गेलेली. खालून कापला तर रेघ फूटभर खाली येते. अण्णांना ते चालणार नाही. पाणी कुठवर होतं हे त्यांना नातवाला उभं करून दाखवायचंय. वरून कापला तर कुसू जातं, आणि त्याबरोबर 'पू ४'.

त्यांना फोन करून विचारलं. म्हणाले, विचार करून सांगतो. त्याला आता चार महिने झाले. इमारतीचा तिसरा स्लॅब टाकून झालाय. खांब माझ्या वखारीत ताडपत्रीखाली आहे, दोन्ही टोकांना कापड बांधून.